विमानासाठी सोललेले लाकूड : मॉस्किटोचे विनियर, सरस आणि सांधे

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात लाकडाच्या पातळ पापुद्र्यांपासून लढाऊ विमाने बनत होती हे खरे का; ते पापुद्रे, म्हणजे विनियर, कारखान्यात कसे तयार होत; आणि भारतात आलेली अशी विमाने पावसाळी हवेत सरस सुटून कोसळली असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य किती. मी चौतीस वर्षे विनियर आणि प्लायवूडच्या धंद्यात काढली. त्यांतली पहिली अकरा वर्षे ओंडके सोलण्याच्या लेथवर गेली आणि पुढची सरस व प्रेस या खात्यांत. विमानाचे प्लायवूड मी स्वतः बनवलेले नाही; पण लाकूड, सुरी, ओल आणि सरस यांचे नियम दरवाजाच्या फळीला आणि विमानाच्या पंखाला एकच असतात. फरक असतो तो चूक किती खपवून घ्यायची याचा. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ होकारार्थी आहे. सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डी हॅविलँड कंपनीचे मॉस्किटो हे दोन इंजिनांचे आणि दोन माणसांचे ब्रिटिश विमान. मुख्य अभियंता रोनाल्ड बिशप यांच्या गटाने सॅलिसबरी हॉल या जुन्या वाड्यात त्याचे आराखडे केले. १ मार्च १९४० रोजी पहिल्या ५० विमानांची मागणी नोंदवली गेली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला हॅटफिल्ड येथून पहिले विमान उडाले. पुढच्या वर्षीच्या चाचण्यांत त्याने ताशी ६२० किलोमीटरहून अधिक वेग गाठला, जो त्या वेळच्या स्पिटफायर या लढाऊ विमानापेक्षाही जास्त होता. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून अशी ७,७८१ विमाने बांधली गेली. धड, पंख आणि शेपटीचे स्थिर पंख लाकडाचे होते. धातू होता तो मुख्यतः इंजिने, त्यांची बैठक, चाके आणि जोडणीच्या भागांत.

लाकूड केवळ ॲल्युमिनियमच्या टंचाईमुळे, नाइलाजाने घेतले गेले असा एक समज आहे. टंचाईची भीती खरी होती, पण तेवढेच कारण नव्हते. धातूचे विमान बांधणारे कारागीर आधीच दुसऱ्या विमानांच्या कामात गुंतलेले होते, तर खुर्च्या, कपाटे आणि पियानो करणारे सुतार युद्धामुळे रिकामे होऊ लागले होते. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथल्या कारखान्यांत विमानांचे भाग बनू लागले. लंडनमधील टॉटनहॅमचा हॅरिस लेबस हा फर्निचरचा मोठा कारखाना मॉस्किटोच्या भागांबरोबर हॉर्सा नावाची सैनिक वाहून नेणारी लाकडी ग्लायडर्सही बनवीत होता. ज्या हातांना सांधा कसा बसतो हे कळते, त्या हातांना विमान शिकवणे तुलनेने सोपे गेले. शिवाय लाकडी पृष्ठभागावर रिव्हेटची डोकी नसतात, तो सलग आणि गुळगुळीत राहतो, आणि वेगाच्या दृष्टीने याला मोठे महत्त्व आहे.

आता पापुद्रेच का, अखंड फळी का नाही, हे समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांची जुडी. रेषेच्या दिशेने ओढले तर ते फार मजबूत असते. रेषेला आडवे ओढले तर त्या ताकदीचा अगदी लहानसा अंश उरतो, हे जळण फोडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ओलीचेही तसेच. ओले लाकूड पूर्ण वाळते तेव्हा पिवळा बर्च, म्हणजे मॉस्किटोत वापरलेले थंड प्रदेशातले कठीण लाकूड, वार्षिक वलयाच्या दिशेने सुमारे साडेनऊ टक्के आकसतो, वलयाला काटकोनात सुमारे सव्वासात टक्के, आणि लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. अशा पदार्थाची रुंद, पातळ आणि वळवलेली चादर अखंड फळीतून मिळणे शक्य नाही. पण लाकडाचे पातळ पापुद्रे काढून एकावर एक असे चिकटवले की एकाची रेषा उभी आणि दुसऱ्याची आडवी येईल, तर प्रत्येक थर शेजारच्या थराचा दुबळेपणा सांभाळतो आणि त्याचे फुगणे-आकसणेही आवरून धरतो. पंखाच्या तुळईच्या बाजूंना आणि पंखाच्या आवरणाला पिळवटणारा ताण जास्त असतो. तिथे प्लायवूड ४५ अंशांत तिरपे लावतात, म्हणजे तो ताण तंतूंच्या लांबीवर येतो. लाकडाचा स्वभाव बदलत नाही, पण त्याची मांडणी बदलून त्याच्याकडून वेगळे काम घेता येते.

या कामासाठी बर्च निवडला गेला, आणि लेथवर काम केलेल्या माणसाला त्यामागचे कारण लगेच पटते. सागवानासारख्या लाकडात वर्षाच्या सुरुवातीची वाढ मोठ्या छिद्रांची आणि नंतरची वाढ घट्ट असते, त्यामुळे पातळ पापुद्रा काढताना सुरीला क्षणाक्षणाला वेगळा प्रतिकार होतो, आणि सरसही मोठ्या छिद्रांत मुरून सांध्याच्या रेषेवर अपुरा पडतो. बर्चमध्ये छिद्रे बारीक असतात आणि संपूर्ण वलयभर सारखी पसरलेली असतात. पापुद्रा एकसारखा निघतो आणि सरस एकसारखा बसतो. मॉस्किटोसाठीचा पिवळा बर्च कॅनडाच्या पूर्व भागातून आणि अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याच्या जंगलांतून येत असे. त्यासाठी लागणारे खास पातळ विनियर विस्कॉन्सिनमधील मार्शफील्ड गावी हॅमिल्टन रॉडिस यांच्या कारखान्यात तयार होऊन ब्रिटनला जात होते. त्याच राज्यात मॅडिसन येथे १९१० पासून अमेरिकी सरकारची वन-उत्पादन प्रयोगशाळा आहे, आणि युद्धकाळात तिच्या कामाचा मोठा भाग विमानाचे लाकूड, प्लायवूड आणि सरस यांच्या चाचण्यांचा होता.

ओंडका गिरणीत आला की पहिले काम त्याला मऊ करण्याचे असते. साल काढून, लेथच्या लांबीचे तुकडे करून ते गरम पाण्याच्या हौदात किंवा वाफेत ठेवतात. बर्चसारख्या कठीण लाकडाला साधारण ६० ते ७० अंशांची उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचावी लागते, आणि जाड ओंडक्याला त्यासाठी एक-दोन दिवस सहज लागतात. हे काम घाईने उरकले तर बाहेरचा भाग मऊ आणि आतला कडक राहतो. मग सुरी आत जाऊ लागली की पापुद्रा खरखरीत होतो. उलट फार उकळले तर तंतू लोकरीसारखे उभे राहतात. मी शिकाऊ असताना ज्या कारखान्यात होतो तिथे बॉयलर वारंवार बंद पडत असे आणि अर्धवट भिजलेले ओंडके आमच्या लेथवर चढवले जात. त्या दिवशीच्या पापुद्र्यावर हात फिरवला तरी फरक कळायचा, आणि दोन महिन्यांनी त्याच मालाच्या फळ्या थर सुटून परत यायच्या. दारासाठी ही तक्रार असते. विमानासाठी तिचा अर्थ काय होतो हे सांगायची गरज नाही.

मऊ झालेला ओंडका दोन टोकांनी पकडून फिरवला जातो आणि त्याच्या पूर्ण लांबीची सुरी त्यात हळूहळू पुढे सरकते. एका फेऱ्यात सुरी जेवढी पुढे सरकेल, तेवढी पापुद्र्याची जाडी. पेन्सिल तासताना निघणारा पापुद्रा डोळ्यांपुढे आणला तर कल्पना येईल, फक्त इथे तो तुटत नाही, कापडाच्या तागासारखा सलग उलगडत जातो. हिशेब करून पाहा: ५० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका १५ सेंटिमीटरचा गाभा उरेपर्यंत अर्धा मिलिमीटर जाडीने सोलला, तर ३५० फेऱ्यांत जवळजवळ ३५७ मीटर लांबीचा ताव निघतो. एवढ्या लांबीत जाडी कुठेही बदलता कामा नये. घराच्या प्लायवूडमध्ये थर थोडा जाड किंवा पातळ निघाला तर प्रेस तो दाबून सांभाळून घेतो. पण मॉस्किटोच्या धडासाठी तीन थरांचे प्लायवूड मुळात दीड-दोन मिलिमीटरचेच असायचे. त्यात एका थराची दहा टक्क्यांची चूकही सरसाच्या रेषेवर कमी-जास्त दाब होऊन उतरते.

या लेथचे खरे मर्म सुरीत जितके आहे तितकेच तिच्या समोरच्या प्रेशर बारमध्ये आहे. सुरी लाकडात घुसते तेव्हा पापुद्रा सरळ असलेल्या ओंडक्यापासून बाहेर वाकवला जातो, आणि वाकताना त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे सुरीकडच्या अंगाला, बारीक बारीक चिरा पडतात. आम्ही त्या अंगाला सैल बाजू म्हणतो आणि दुसऱ्या अंगाला घट्ट बाजू. प्रेशर बार सुरीच्या टोकाच्या अगदी वर लाकूड दाबून धरतो, साधारणपणे पापुद्र्याच्या जाडीच्या ८० ते ८५ टक्के एवढीच फट ठेवून, त्यामुळे फाट पुढे धावण्याआधीच कापली जाते. दाब कमी झाला तर चिरा खोल जातात. जास्त झाला तर तंतू चिरडतात आणि ओंडका पकडीतून सुटू पाहतो. अनुभवी मिस्त्री पापुद्रा दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगांनी हलकेच वाकवतो, सैल बाजूचा कुरकुरणारा आवाज ऐकतो आणि त्यावरून बार किती सरकवायचा ते ठरवतो. पापुद्रा जितका पातळ, तितका तो कमी ताणाने वाकतो आणि चिरा तितक्या उथळ राहतात. पातळ विनियरची ताकद त्याच्या जाडीच्या मानाने जास्त वाटते, त्यामागे हेही एक कारण आहे, आणि मला वाटते ते पुरेसे सांगितले जात नाही.

सोललेला ओला ताव कापून त्याचे तुकडे केले जातात आणि ते वाळवले जातात. रुळांवरून सरकत जाणाऱ्या ड्रायरमध्ये गरम हवेने किंवा तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून ओल पाच ते आठ टक्क्यांवर आणावी लागते. इथे कारखान्याच्या घाईचा सर्वांत जास्त मोह असतो. उष्णता वाढवली की उत्पादन वाढते, पण फार तापलेल्या पापुद्र्याचा वरचा भाग पाणी ओढून घेईनासा होतो, आणि पाण्यात विरघळवलेला सरस अशा पृष्ठभागावर ओलसर बसून राहतो, आत शिरत नाही. डोळ्याला असा पापुद्रा स्वच्छ आणि देखणा दिसतो. दोष कळतो तो सांधा तोडून पाहिल्यावरच. शेजारी ठेवलेल्या दोन तावांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून तो किती वेळात मुरतो हे पाहण्याची आमची जुनी पद्धत होती, आणि ती आजही विश्वासार्ह आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ ताव वाळताना सरळ राहत नाही. कडा आधी वाळून आकसतात, मध्य ओला राहतो, आणि मग ताव पापडासारखा लाटांनी भरतो. अशा लाटा असलेला ताव प्रेसमध्ये घातला की घडी पडते, आणि घडीच्या ठिकाणी एकतर थर दुहेरी होतो किंवा तिथे पोकळी राहते. मार्शफील्डच्या कारखान्यात यासाठी तरुण मुलींचे गट होते, ज्या पाठवणीपूर्वी एकेक ताव अक्षरशः इस्त्री करून सपाट करीत. हे वाचून लोकांना गंमत वाटते, पण माझ्या मते त्या सगळ्या व्यवस्थेतले हे सर्वांत समजूतदारपणे केलेले काम होते. इस्त्रीने उष्णता आणि थोडा दाब एकाच वेळी मिळतो, लाकडातला ताण ढिला होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक ताव एका माणसाच्या हाताखालून पूर्ण लांबीने जातो. यंत्राला न दिसणारी टाचणीएवढी गाठ, केसाएवढी चीर, रंग बदललेला पट्टा हे सगळे अशा हाताला सापडते. आमच्याकडेही फेस विनियरची, म्हणजे फळीच्या दर्शनी थराची, निवड बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करीत आल्या आहेत, आणि ताव उजेडासमोर धरून त्या ज्या वेगाने तो बाजूला काढतात, तो वेग मला इतक्या वर्षांत कधी जमला नाही.

गाठ का नको, याचे कारण दिसण्याशी संबंधित नाही. गाठीभोवती तंतू वळसा घेऊन जातात, म्हणजे त्या जागी ताण पुन्हा रेषेला तिरपा येतो. तीन थरांच्या प्लायवूडमध्ये एका थरातली गाठ म्हणजे एक तृतीयांश जाडीवर संशय. म्हणून विमानाच्या प्लायवूडमध्ये तावांची निवड ही उत्पादनाच्या शेवटी केलेली तपासणी नव्हती. ती प्रत्येक पायरीवर होती, आणि नाकारलेला माल दुसऱ्या कामांना जात असे.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो, कारण ते आजच्या चांगल्या प्लायवूडसारखेच आहेत. निवडलेले ताव कडा सरळ करून शेजारी जोडले जातात, सरस लावून आडवे-उभे रचले जातात आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबले जातात. लांब तक्ता हवा असेल तर दोन तुकड्यांची टोके तिरपी तासून एकमेकांवर बसवतात. त्या उताराचे प्रमाण विमानाच्या प्लायवूडसाठी निदान एकास बारा ठेवतात, म्हणजे एक मिलिमीटर जाडीसाठी बारा मिलिमीटर लांबीचा तिरपा सांधा. प्रत्येक घाण्यातून तुकडे कापून तोडून पाहिले जात. तोडल्यावर किती जोर लागला याइतकेच महत्त्व तुटलेल्या जागेला असते. तुटलेल्या अंगावर फाटलेले तंतू दिसले तर लाकूड हरले आणि सरस जिंकला, म्हणजे सांधा चांगला. गुळगुळीत, चकचकीत सरसाचा थर उघडा पडला असेल तर जोराचा आकडा कितीही मोठा असो, तो माल मी तरी कधी पुढे पाठवला नाही.

मॉस्किटोच्या धडात हे पातळ बर्च प्लायवूड बाहेर आणि आत, आणि दोहोंमध्ये सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीचा बाल्सा असे. बाल्सा हे इक्वेडोरमधून येणारे, व्यापारात मिळणारे सर्वांत हलके लाकूड. एक घनमीटर कोरड्या पिवळ्या बर्चचे वजन सुमारे ६९० किलो भरते, तर बाल्साचे साधारण १६०. आपली काटेसावर त्याच कुळातली आहे, आणि सावरीचे लाकूड ज्याने उचलले आहे त्याला बाल्साचा अंदाज येईल. बाल्साने ताकद द्यावी अशी अपेक्षा नसते. त्याने दोन कातडी एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवायची असतात, म्हणजे वाकवताना एक ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधल्या हलक्या भागामुळे वजन न वाढता ताठपणा वाढतो. जिथे खिडक्या, दारे किंवा जोड येतात तिथे बाल्साच्या जागी कठीण लाकूड बसवले जाई.

धड उभ्या रेषेने दोन अर्धांत बनत असे. महोगनी किंवा काँक्रीटच्या साच्यावर आतले प्लायवूड वाकवून बसवायचे, त्यावर बाल्सा, त्यावर बाहेरचे प्लायवूड, आणि पोलादी पट्ट्यांनी आवळून सरस घट्ट होईपर्यंत ठेवायचे. दोन अर्ध उघडे असतानाच आतल्या तारा, नळ्या आणि नियंत्रणाचे भाग बसवता येत, आणि मग शेंगेची दोन टरफले मिटावीत तसे ते जोडले जात. धातूच्या विमानात अंग आखडून आत शिरून करावे लागणारे काम इथे उभ्याने, उजेडात करता येई. पंख मात्र सोळा मीटरहून लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड होता. त्याच्या तुळयांसाठी अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सिट्का स्प्रूस हे सूचिपर्णी लाकूड वापरले जाई, आणि वरच्या अंगाला दुहेरी प्लायवूड व त्यामध्ये लांब पट्ट्या अशी रचना होती. शेवटी सगळ्यावर मादापोलम नावाचे साध्या विणीचे सुती कापड ताणून, डोप, म्हणजे कापड ताठ आणि घट्ट करणारे रोगण, लावून रंग दिला जात असे. हे नाव गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूरलगतच्या एका गावावरून आलेले आहे. त्या काळी कापड इंग्लंडमध्ये विणले जात असले तरी नाव आपल्या किनाऱ्याचे राहिले होते.

सरसाविषयी सांगितल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाकडे जाता येत नाही. सुरुवातीची मॉस्किटो विमाने केसीनच्या सरसाने जोडलेली होती. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. चुन्यासारख्या पदार्थाबरोबर ते कालवले की मजबूत सरस होतो, थोडीशी फट असली तरी भरून काढतो आणि त्याला उष्णता लागत नाही. त्याचा दोष असा की सतत ओल मिळाली की तो मऊ पडतो आणि त्याला बुरशी लागते. त्याच्या जागी युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम सरस आला. नॉर्मन डी ब्रुइन यांच्या डक्सफर्ड येथील एअरो रिसर्च कंपनीने १९३७ मध्ये बाजारात आणलेला एअरोलाइट हा त्यांतला महत्त्वाचा. त्यात सरस एका अंगाला आणि त्याला घट्ट करणारे आम्लयुक्त द्रावण दुसऱ्या अंगाला लावता येई, म्हणजे दोन्ही भाग एकत्र येईपर्यंत काम करणाऱ्याला सवड मिळे. ओलीला तो केसीनपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. पण कृत्रिम सरस हा मापात काम करणाऱ्याचा मित्र आहे. पृष्ठभाग धुळकट असेल, लाकूड फार थंड असेल, दाब द्यायला उशीर झाला असेल किंवा फट मोठी राहिली असेल, तर तो जुन्या सरसापेक्षा कमी क्षमा करतो.

जर्मनीचा अनुभव याच बाबतीत बोलका आहे. तिथे विमानाच्या प्लायवूडसाठी टेगो नावाची फिनॉलिक सरसाची कागदासारखी पातळ फिल्म वापरत. वुपरटाल शहरावर १९४३ मध्ये झालेल्या बाँबहल्ल्यांनंतर तिचा पुरवठा तुटला आणि बदली सरस वापरावा लागला, ज्यातील आम्ल लाकूडच खात असे. हाइंकेल १६२ हे लाकडी पंखांचे जेट विमान ६ डिसेंबर १९४४ रोजी प्रथम उडाले, आणि चारच दिवसांनी दुसऱ्या उड्डाणात पंखाच्या पुढच्या कडेचे आवरण सुटून ते कोसळले व वैमानिक मरण पावला. सोव्हिएत संघाने वेगळा मार्ग धरला: बर्चच्या पापुद्र्यांत फिनॉलिक राळ मुरवून ते दाबायचे, ज्याला डेल्टा लाकूड म्हणत. लाग-३ या लढाऊ विमानाच्या महत्त्वाच्या भागांत ते वापरले गेले. ते जवळजवळ जळत नसे, पण नेहमीच्या लाकडापेक्षा बरेच जड होते.

आता भारताचा प्रश्न. १९४४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वेच्या आघाडीवरील अनेक मॉस्किटो विमाने हवेतच मोडून पडली. पंखाचे वरचे आवरण मुख्य तुळईपासून सुटल्याचे दिसले, आणि उष्णता व पावसाळ्याने केसीनचा सरस गेला असा पहिला तर्क झाला. कंपनीच्या संस्थापकांचे भाऊ मेजर हेरवर्ड डी हॅविलँड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक भारतात आले आणि त्याने डिसेंबरच्या सुरुवातीला अहवाल दिला की सरस खराब झालेला नाही, पावसाळी हवामानात विमानाच्या लाकडी रचनेचे आकुंचन झाल्याने अपघात झाले. परंतु त्यानंतरच्या चौकशीत दोष उत्पादनाचा ठरला. विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने इंग्लंडमध्ये डेफर्ड येथे तपासणी केली तेव्हा डी हॅविलँडच्या हॅटफिल्ड आणि लीव्ह्सडन येथील कारखान्यांत बांधलेल्या सहा निरनिराळ्या प्रकारच्या मॉस्किटोंमध्ये तसेच दोष आढळले, आणि त्या विमानांनी पावसाळा पाहिलेला नव्हता, वाळवीही पाहिली नव्हती. सरसाच्या कामाचा दर्जा असायला हवा होता तसा नव्हता, हा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही हवाई मंत्रालयाने विमानावरचा विश्वास डळमळू नये म्हणून अपघातांचे कारण मुख्यतः हवामान आहे हीच भूमिका ठेवली, आणि म्हणूनच ती गोष्ट आजपर्यंत तशीच सांगितली जाते.

माझ्या धंद्याच्या अनुभवावरून मला दोन्ही अहवालांतला दुवा दिसतो. पावसाळ्यात लाकूड फुगते. पाऊस उघडला आणि ऊन तापले की आकसते, आणि उघड्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाच्या वरच्या अंगाला हा फरक एका दिवसातही बसतो. आवरणाचे प्लायवूड एका मापाने हलते आणि खालची स्प्रूसची तुळई दुसऱ्या मापाने, म्हणून सगळा ताण त्या दोघांमधल्या सरसावर येतो. जिथे सरस पूर्ण पसरलेला आहे, दोन्ही अंगे नीट भिडलेली आहेत आणि वेळेत दाब मिळालेला आहे, तो सांधा हा ताण वर्षानुवर्षे सहन करतो. कोकणात पन्नास पावसाळे पाहिलेल्या चांगल्या प्लायवूडच्या फळ्या मी स्वतः सोडवून पाहिल्या आहेत आणि त्यांचे थर हाताने सुटत नाहीत. जिथे मध्येच कोरडा पट्टा राहिला आहे किंवा फट भरण्यासाठी सरसाचा जाड गठ्ठा झाला आहे, तिथे तो हललेल्या प्रत्येक दिवशी थोडा थोडा उघडत जातो. इंग्लंडच्या सौम्य हवेत जो दोष वर्षभर लपून राहिला असता, तो इथल्या हवेने काही महिन्यांत उघडा पाडला. पावसाने दोष निर्माण केला असे म्हणणे मला पटत नाही. आणि पापुद्र्यांच्या बाबतीत तर लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की प्रेसमध्ये, उष्णतेने, मापात दाबलेले प्लायवूड स्वतः सुटल्याचा ठपका मला कुठे आढळलेला नाही. सुटला तो नंतर कारखान्याच्या जमिनीवर, घाईत, हाताने केलेला जोडणीचा सांधा.

पुढे पंखाच्या आवरणाच्या सांध्यावर, पंखाच्या लांबीभर प्लायवूडची एक पट्टी बसवण्यात आली, म्हणजे पाणी त्या रेषेतून आत झिरपू नये. ही दुरुस्ती योग्य होती, पण तिची मर्यादा ती बसवणाऱ्यांनाही ठाऊक असणार. पट्टी पाणी अडवते. तिच्याखाली तुळईवर आधीच कोरडा राहिलेला सांधा असेल तर तो तसाच राहतो, आणि बाहेरून ठोकून, ऐकून किंवा पाहून तो ओळखण्याची खात्रीची पद्धत त्या काळी नव्हती. म्हणून अशा विमानाची खरी तपासणी आवरण सोडवून, सांधा उघडून, तुटलेल्या अंगावर लाकडाचे तंतू आहेत की नुसता चकचकीत सरस आहे हे पाहूनच करावी लागे.